रुसव्याची गाडी, हौसेची गाडी

इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स परगण्यात हॉर्स्टेड केन्स नावाचं एक लहानसं गाव आहे. गावापासून मैलाहून जास्त अंतरावर, शेतं आणि झाडीच्या मधोमध, त्या गावाचं स्टेशन आहे. गावाच्या मानाने ते भलतंच मोठं आहे. 1882 साली ते बांधणाऱ्या कंपनीला इथे मोठं जंक्शन होईल असं वाटलं होतं, म्हणून पाच फलाट, फलाटांना जोडणारा भुयारी रस्ता, वर ऐटबाज इमारत. तुम्ही ‘डाऊन्टन ॲबी’ पाहिली असेल तर हे स्टेशन तुमच्या ओळखीचं आहे. मालिकेतलं डाऊन्टनचं स्टेशन म्हणजे हेच.

पण हे शूटिंगसाठी उभारलेलं नाही. इथे खरंच वाफेच्या इंजिनाची गाडी येते, सिग्नलचा हात वरखाली होतो, गार्ड हिरवा झेंडा दाखवतो. फलाटावर जुन्या चामडी ट्रंका रचून ठेवलेल्या असतात. भिंतींवर कधीच्या बंद पडलेल्या मालांच्या जाहिराती असतात. इथे वर्ष नेहमी 1930च्या आगेमागे असतं. याच मार्गावर दक्षिणेला शेफील्ड पार्क स्टेशन आहे, ते 1880च्या दशकात ठेवलेलं आहे. उत्तरेला किंग्जकोट आहे, ते 1950च्या दशकात. सुमारे 18 किलोमीटरच्या प्रवासात सत्तर वर्षं पार होतात.

या रेल्वेचं नाव ब्लूबेल रेल्वे. काही पगारी माणसं आहेत, पण तिचा गाडा चालतो तो स्वयंसेवकांवर. निवृत्त शिक्षक, इंजिनिअर, कारकून, दुकानदार, कॉलेजात जाणारी पोरं. कुणी तिकिटं तपासतं, कुणी बाकांना रंग देतं, कुणी पहाटे येऊन इंजिनाची भट्टी पेटवतं. इंजिन थंड असेल तर पाणी तापून वाफ धरायला तास न् तास लागतात, त्यामुळे सकाळच्या गाडीसाठी कुणाला तरी झोप मोडावी लागते. या कामाचे पैसे मिळत नाहीत.

आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नाही. या म्हणीचे दोन अर्थ निघतात. हौस अमूल्य असते, हा एक. आणि हौसेला बाजारात काही किंमत नसते, हा दुसरा. हॉर्स्टेड केन्सच्या फलाटावर उभं राहिलं की दोन्ही अर्थ एकदम खरे वाटतात. मग एक प्रश्न पडतो आणि तो वाटतो तितका साधा नाही. ज्या गोष्टीची कुणाला गरज उरलेली नाही, ती जपण्यात आपले शनिवार-रविवार, आपली हातपायांची ताकद, आपली वर्षं खर्च करणं योग्य आहे का? त्यात काही चांगलं आहे, की ते फक्त गोड आहे?

उत्तर शोधायला या मार्गाचा इतिहास मदत करतो, कारण तिथे एकाच रुळांवरून दोन अगदी वेगळ्या गाड्या धावून गेल्या आहेत.

कायद्याने चालवलेली गाडी

लुईस ते ईस्ट ग्रिन्स्टेड हा मार्ग ज्या कायद्यांनी मंजूर झाला ते 1877 आणि 1878 सालचे. त्या काळी ब्रिटनमध्ये रेल्वे टाकायची तर पार्लमेंटचा कायदा लागे, आणि जमीनदार आपल्या जमिनी देताना अटी घालून घेत. त्यातली एक अट अशी होती की या मार्गावर रोज ठरावीक गाड्या सोडल्याच पाहिजेत.

पुढे मोटारी आल्या, प्रवासी घटले. सरकारी मालकीच्या ब्रिटिश रेल्वेने 1955 साली हा मार्ग बंद केला. डॉक्टर बीचिंग यांचा तो प्रसिद्ध अहवाल, ज्यात दोन हजारांहून जास्त स्टेशनं बंद करण्याची शिफारस होती, तो 1963चा. म्हणजे हा मार्ग त्या लाटेच्या आधीच गेला.

तिथेच शेजारच्या चेली गावात मॅज बेसेमर नावाच्या बाई राहत. त्यांनी जुने कायदे उघडून वाचले. त्यांना ते कलम सापडलं. रोज चार गाड्या चालवणं रेल्वेला बंधनकारक होतं आणि पार्लमेंटने ते कलम कधी रद्द केलेलं नव्हतं. मार्ग बंद करणं बेकायदा होतं. ब्रिटिश रेल्वेला तो पुन्हा सुरू करावा लागला. तारीख होती 7 ऑगस्ट 1956.

एका नागरिकाने वाचन करून सरकारी यंत्रणेला नमवलं, ही गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं. पण ब्रिटिश रेल्वेने कायदा पाळला तो असा. रोज चार गाड्या, त्याहून एकही जास्त नाही. वेळा अशा की कामावर जाणाऱ्याला सकाळची गाडी उशिरा पडावी आणि परतीची गाडी त्याची सुट्टी होण्याआधीच निघून जावी. बारकम आणि किंग्जकोट या दोन स्टेशनांची नावं जुन्या कायद्यात नव्हती, म्हणून तिथे गाडी थांबायचीच नाही. लोकांनी या गाडीला नाव ठेवलं, ‘सल्की सर्व्हिस’. आपल्या भाषेत म्हणायचं तर रुसव्याची गाडी. मग सरकारने कायदाच बदलून घेतला आणि मार्च 1958 मध्ये ती कायमची बंद झाली.

ही दीड-पावणेदोन वर्षं नीट पाहण्यासारखी आहेत. या काळात स्टेशनाला काय कमी होतं? रूळ होते, इंजिन होतं, पगारी माणसं होती, वेळापत्रक होतं. स्टेशन म्हणून जे जे मोजता येईल ते सगळं हजर होतं. तरीही ते स्टेशन नव्हतं, कारण त्यातून एकच गोष्ट काढून घेतलेली होती. कुणीतरी यावं आणि त्याची सोय व्हावी, ही इच्छा.

स्टेशन म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर आपण इमारत, रूळ, फलाट असं सांगू. पण स्टेशन मुळात अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. तू कोण आहेस मला ठाऊक नाही, तू येशील की नाही तेही ठाऊक नाही, पण अमुक वाजता आलास तर इथे गाडी असेल. रुसव्याच्या गाडीने या शब्दातलं प्रत्येक अक्षर पाळलं आणि शब्द मोडला.

असं वागणं आपल्या रोजच्या ओळखीचं आहे. खिडकी उघडी असते, पण आत बसलेला माणूस तुम्ही निघून जावं अशी वाट पाहत असतो. वर्गात मास्तर असतात, हजेरी होते, पोर्शनही पुरा होतो. घरात जेवण वेळेवर वाढलं जातं आणि ताट आदळलं जातं. नियमाचा भंग कुठेच झालेला नसतो, म्हणून तक्रारही करता येत नाही.

त्याच तारखेला, चार वर्षांनी

1959च्या मार्चमध्ये काही तरुणांनी, त्यातले बरेचसे विद्यार्थी, हा मार्ग वाचवण्यासाठी एक मंडळ काढलं. आज आपण या रेल्वेला जुन्या आठवणींची रेल्वे म्हणून ओळखतो, पण त्या पोरांचा मूळ बेत तसा नव्हता. त्यांना संपूर्ण मार्ग विकत घेऊन पुन्हा खरी, उपयोगाची गाडी चालवायची होती. ते जमलं नाही. पैसा नव्हता आणि आसपासच्या बहुतेक लोकांना त्यात फारसा रसही नव्हता. मग त्यांनी बेत लहान केला. मधला एक तुकडा भाड्याने घ्यायचा आणि त्यावर वाफेची जुनी इंजिनं चालवायची.

त्यांच्यासोबत बर्नार्ड होल्डन नावाचे रेल्वेतले एक अनुभवी गृहस्थ होते. त्यांचा जन्मच या मार्गावरच्या बारकम स्टेशनाच्या घरात, 1908 साली झालेला. वडील तिथे स्टेशनमास्तर होते.

पहिली हौसेची गाडी सुटली 7 ऑगस्ट 1960 रोजी, म्हणजे रुसव्याच्या गाडीला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी. हॉर्स्टेड केन्स स्टेशन तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या ताब्यात होतं, दुसऱ्या एका फाट्याची गाडी तिथे येत असे, त्यामुळे या पोरांना आपली गाडी स्टेशनच्या अलीकडेच थांबवावी लागली. नेहमीच्या रुंदीच्या रुळांवर वाफेच्या इंजिनाने प्रवासी वाहणारी, जपून ठेवलेली अशी ही जगातली पहिली रेल्वे. अरुंद रुळांवर वेल्समधल्या टालिथलिन रेल्वेने असाच प्रयोग 1951 साली केला होता.

आता दोन्ही गाड्या शेजारी ठेवून पाहा. रूळ तेच. पहिली चालवणं बंधनकारक होतं आणि चालवणाऱ्याला ती नको होती. दुसरी चालवायला कुणी सांगितलं नव्हतं आणि चालवणाऱ्यांना ती हवी होती. पहिलीत कर्तव्य होतं, प्रेम नव्हतं. दुसरीत प्रेम होतं, कर्तव्य नव्हतं.

आपलं मन लगेच दुसऱ्या गाडीकडे झुकतं. पण दुसऱ्या गाडीवरही काही गंभीर आरोप आहेत आणि ते ऐकून घ्यायला हवेत.

कुठलं वर्ष जपायचं?

पहिला आरोप सोंगाचा. हॉर्स्टेड केन्सवर 1930च का? हे स्टेशन 1882 मध्येही होतं आणि 1955 मध्येही, मार्ग बंद व्हायच्या बेतात असताना. रंग उडालेला, प्रवासी नसलेला तो शेवटचा काळही स्टेशनाचाच होता. तो कुणी जपत नाही. तीन स्टेशनांना तीन काळ वाटून देणं हे सोयीचं आहे, पण त्यातून आपण भूतकाळ जपत नसून भूतकाळातला आपल्याला आवडलेला भाग निवडत आहोत हे उघड होतं.

इंग्लंडात हा वाद जुना आहे. जॉन रस्किन, ज्यांचं एक पुस्तक वाचून गांधीजींचं आयुष्य बदललं, ते जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धाराच्या कडक विरोधात होते. 1849 सालच्या त्यांच्या वास्तुकलेवरच्या पुस्तकात त्यांचं म्हणणं आहे की जुनं रूप पुन्हा उभं करणं हे खोटं बोलणं आहे, मेलेल्याला कुणी उठवू शकत नाही. त्याच पुस्तकात रेल्वे स्टेशनं सजवणं हा वेडेपणा असल्याचंही ते म्हणतात, कारण घाईत असलेल्या माणसाला सौंदर्य दिसत नाही. त्यांचाच विचार घेऊन विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, 1877 साली. आपल्या या रेल्वेचा पहिला कायदाही त्याच वर्षीचा.

रस्किनचा आरोप अर्धा लागू पडतो. फलाटावरच्या ट्रंका कुणाच्याच नाहीत, त्या रिकाम्या आहेत. हे सोंगच आहे. पण सोंग आणि फसवणूक यांत फरक असतो. कोकणात दशावतारी खेळात गावातला माणूस राजा होऊन येतो, तेव्हा तो कोण आहे हे समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं. सोंग खोटं ठरतं ते आपण सोंग आहोत हे लपवलं तरच. तीन स्टेशनांना तीन वेगळे काळ देण्यात उलट एक प्रामाणिकपणा आहे. एका स्टेशनावरून दुसऱ्यावर जाताना प्रवाशाला आपोआप कळतं की इथे कुणीतरी निवड केलेली आहे.

हमालाची टोपी

दुसरा आरोप मला जास्त टोचतो. तो कष्टाबद्दल आहे.

दशावतारी नटांबद्दल एक बोली आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. दिवसा राबणारा माणूस रात्री काही तास राजा होतो. हॉर्स्टेड केन्सवर हे उलटं घडतं. आठवडाभर ऑफिसात बसणारा किंवा चांगलं पेन्शन घेणारा माणूस रविवारी हमालाची टोपी घालतो, भट्टीत कोळसा लोटतो, हात काळे करतो आणि खूश होऊन घरी जातो.

ज्याने 1900 साली हे काम पोटासाठी केलं, त्याला ते असं वाटत नव्हतं. त्या काळी ब्रिटनमध्ये दरवर्षी शेकडो रेल्वे कामगार कामावर मरत. डब्यांच्या मधे उभं राहून ते जोडताना, रुळांवर काम करताना. सांधेवाला थंडीपावसात उभा असे तो हौसेने नाही. आजच्या स्वयंसेवकाला मिळणारा आनंद बऱ्याच अंशी या एका गोष्टीतून येतो की तो कधीही टोपी काढून ठेवू शकतो.

मग हे जुन्या कष्टांची थट्टा करणं आहे का? मला तसं वाटत नाही, पण एका अटीवर. काम खरं असलं पाहिजे. आणि इथे ते खरं असतं. बॉयलर हौशी माणसाला सूट देत नाही. सिग्नल देणाऱ्याने चूक केली तर पगार न घेणारा माणूसही अपघात घडवू शकतो, म्हणून या रेल्वेवर सुरक्षेचे सरकारी नियम आणि तपासणी आहेत. इंजिन चालवायचं असेल तर आधी इंजिनं पुसायला लागतात, मग फायरमन, मग बऱ्याच वर्षांनी आणि परीक्षांनी ड्रायव्हर. शर्ट घालून फोटो काढण्यापुरतं हे काम असतं तर आरोप खरा ठरला असता. ज्याच्या अंगाला कोळसा लोटून घाम येतो, त्याला निदान एवढं कळतं की रोज, नाइलाजाने, हे करणाऱ्याचं काय होत असेल. त्याला ते कळावं म्हणून त्या रेल्वेने मरणाऱ्यांची गोष्टही सांगितली पाहिजे. फक्त पितळ चकाकवलं तर जपणं अपुरं राहतं.

शकुंतला

तिसरा आरोप उपयोगाचा, आणि तो समजायला मराठी वाचकाला विदर्भात यावं लागतं.

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंद रुळांच्या मार्गावरची शकुंतला आपल्यापैकी अनेकांनी बातम्यांतून किंवा आजी-आजोबांकडून ऐकलेली आहे. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने ती विदर्भातला कापूस मुंबईकडे आणि तिथून इंग्लंडातल्या गिरण्यांकडे नेण्यासाठी उभी केली. देशातल्या रेल्वे सरकारी झाल्या तरी या मार्गाची मालकी खासगीच राहिली. मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिथे 1994 पर्यंत धावलं. नंतर डिझेल आलं, आणि मग गाडीच बंद पडली.

शकुंतलेसाठीही लोकांनी आवाज उठवला. पण त्यांची मागणी जुनं इंजिन पुसून ठेवा अशी नव्हती. स्वस्त तिकिटाची गाडी चालू राहू द्या, मार्ग रुंद करा, अशी होती. बाजाराला जाणारी बाई, शिकायला जाणारा मुलगा यांना 1930 नको होतं. त्यांना उद्या सकाळची गाडी हवी होती.

हीच मागणी मॅज बेसेमर यांची होती, हे विसरायला नको. त्यांनी कायदा वाचला तो गावकऱ्यांना गाडी मिळावी म्हणून, सहलीला येणाऱ्यांसाठी देखणं स्टेशन मिळावं म्हणून नाही. शेवटी जे वाचलं ते दुसरंच काहीतरी होतं. बर्नार्ड होल्डन जिथे जन्मले त्या बारकमला आजही गाडी जात नाही. ज्या गावांनी गाडी गमावली त्यांना ती परत मिळाली नाही. जगाला मात्र एक सुंदर स्टेशन मिळालं.

वाफेच्या इंजिनाचं प्रेम निरागस आहे असं आपण धरून चालतो. पण याच इंजिनांनी कापूस वाहून नेला, आणि ती आजही कोळसा जाळतात. ब्रिटनने सप्टेंबर 2024 मध्ये आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं. तिथल्या खाणीही जवळपास संपल्या आहेत, त्यामुळे अशा रेल्वेंना बाहेरच्या देशांतून कोळसा आणावा लागतो. प्रमाण लहान आहे, हे खरं. पण जपण्याचीही किंमत असते आणि ती कुणीतरी भरत असतं, हे सांगितल्याशिवाय जपण्याचं कौतुक करणं बरोबर नाही.

जहाजाच्या फळ्या

एवढं सगळं मान्य केल्यावर काय उरतं?

प्लुटार्कने सांगितलेली थिसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. अथेन्सच्या लोकांनी ते जहाज जपलं, कुजलेली फळी काढून नवी बसवत गेले. सगळ्या फळ्या बदलल्यावर ते तेच जहाज राहिलं का? नंतर हॉब्जने त्यात भर घातली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून दुसरं जहाज जोडलं, तर खरं कुठलं?

वाफेच्या इंजिनांच्या बाबतीत हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला संपत नाही. ब्रिटनमध्ये इंजिनाच्या बॉयलरला साधारण दहा वर्षांचं प्रमाणपत्र मिळतं. मग सगळं इंजिन सुटं करून तपासायचं, झिजलेलं बदलायचं. असं चार-पाच वेळा झालं की मूळ धातू किती उरला हे सांगणं अवघड. ब्लूबेलच्या लोकांनी तर याहून पुढे जाऊन ‘बीची हेड’ नावाचं इंजिन नव्याने बांधायला घेतलं. त्या जातीचं एकही इंजिन शिल्लक नव्हतं. एका लाकडाच्या वखारीत त्याच्याशी जुळणारा जुना बॉयलर सापडला होता, त्यावरून दोन दशकांहून जास्त काळ राबून त्यांनी ते उभं केलं.

जपणं म्हणजे जुना पदार्थ सांभाळणं असेल तर हे हास्यास्पद आहे. पण अथेन्सच्या गोष्टीत एका गोष्टीकडे आपलं लक्ष जात नाही. फळ्या बदलत होत्या, पण फळी बसवता येणारी माणसं पिढ्यान् पिढ्या होती. सुतारकाम चालू होतं. बॉयलरला रिव्हेट कसा मारायचा, भट्टीत कोळसा कुठे आणि किती टाकायचा, चढ यायच्या आधी वाफ कशी धरून ठेवायची, हे पुस्तकात लिहिता येतं, पण पुस्तकातून हाताला येत नाही. एक माणूस दुसऱ्याच्या शेजारी उभा राहतो, चुकतो, ओरडा खातो, पुन्हा करतो, तेव्हाच ते पुढे जातं. एक पिढी मधे गळली की संपलं. हॉर्स्टेड केन्सवर डब्यांची जी कार्यशाळा आहे, तिथे एखादा सत्तरीचा माणूस विशीच्या पोराला लाकूड घासायला शिकवत असतो, तेव्हा तिथे 1930चा देखावा नसतो. तिथे आजची तारीख असते.

म्हणून मला वाटतं, इथे जे जपलं जातं ते स्टेशन नाही आणि इंजिनही नाही. जपलं जातं ते एक नियमित काम आणि ते वेळेवर करण्याची सवय. वारीचं उदाहरण आपल्याला जवळचं आहे. वारीची वाट आता डांबरी आहे, पालख्यांसोबत टँकर असतात, हातात फोन असतात. तरी वारी तीच आहे, कारण दरवर्षी कुणीतरी ठरल्या दिवशी निघतं. जे चालून जपलं जातं ते थांबलं की मोडतं.

हौसेच्या मर्यादा

इथे मघाचं वाक्य मला सुधारायला हवं. हौसेच्या गाडीत कर्तव्य नव्हतं असं म्हटलं, ते 1960 साली खरं होतं. साठ-पासष्ट वर्षांनंतर ते तसं राहिलेलं नाही. ज्याचं नाव मंगळवारच्या पाळीत लिहिलेलं आहे त्याला पावसात यावंच लागतं. मन नसेल तरी यावं लागतं. प्रेमाने सुरू केलेल्या गोष्टीला कर्तव्य आपोआप फुटलं. उलट 1956च्या कर्तव्याला प्रेम कधीच फुटलं नाही. माझ्या मते हौस आणि चाळा यांतला फरक इथे आहे. चाळा कंटाळा आला की सोडता येतो. हौसेला एक दिवस अशी पाळी लागते की तुम्ही आला नाहीत तर कुणाची तरी गाडी चुकेल.

पण हौसेला एक दोष आहे आणि तो तिच्या स्वभावातच आहे. ती देखण्या गोष्टींवर जडते. वाफेच्या इंजिनाला स्वयंसेवक मिळतात, गावाच्या डिझेल बसला मिळत नाहीत. हॉर्स्टेड केन्सला मिळाले, बारकमला मिळाले नाहीत. 2010 नंतर ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाला कात्री लागली तेव्हा अनेक सार्वजनिक ग्रंथालयं स्वयंसेवकांच्या हवाली झाली. जिथे निवृत्त, शिकलेली, वेळ असलेली माणसं होती तिथे ती टिकण्याची शक्यता जास्त, जिथे लोक दोन-दोन नोकऱ्या करतात तिथे कमी. माणसांच्या चांगुलपणाकडे बोट दाखवून राज्याने आपली जबाबदारी झटकली की हौसेचा उपयोग ढालीसारखा होतो.

आपल्याकडेही हे घडताना दिसेल. गावातल्या वाचनालयाला, एसटीच्या स्टँडला, ओसाड पडलेल्या स्टेशनाला कुणी म्हणेल, तुम्हाला एवढं प्रेम आहे ना, मग तुम्हीच चालवा. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. ज्याच्यावाचून माणसाचं अडतं, ते कायद्याने आणि कराच्या पैशातून चाललं पाहिजे, आणि ते रुसून न चालवता मनापासून चाललं पाहिजे. ज्याच्यावाचून अडत नाही पण जे हरवलं तर आपण थोडे गरीब होऊ, ते हौसेने जपावं, आणि त्याचं नियमित ओझंही उचलावं. शकुंतला पहिल्या प्रकारात मोडते. ‘बीची हेड’ दुसऱ्या. दोन्हींची गल्लत झाली की गावकऱ्याला गाडीऐवजी गाडीचा देखावा मिळतो.

सुरुवातीचा प्रश्न होता, गरज नसलेली गोष्ट जपण्यात काही चांगलं आहे का. माझं उत्तर आहे, हो. कारण जिथे गरज नाही, सक्ती नाही आणि पैसा नाही, तिथेही माणसं अनोळखी माणसाला दिलेला शब्द पाळतात, याचा असा पुरावा दुसरीकडे सहज सापडत नाही. रुसव्याने चाललेल्या प्रत्येक खिडकीला, प्रत्येक वर्गाला हा पुरावा दाखवता येतो. त्याने गावाला गाडी मिळत नाही, हेही तितकंच खरं.

ब्लूबेल रेल्वेची उत्तरेची बाजू अनेक वर्षं तुटलेली होती. रूळ उखडून नेले होते आणि ईस्ट ग्रिन्स्टेडजवळची एक अख्खी खोल खाच घरगुती कचऱ्याने भरून टाकलेली होती. स्वयंसेवकांनी पैसे जमवले आणि तो कचरा काढायला लावला, त्यातला पुष्कळसा रेल्वेनेच वाहून नेला गेला. 23 मार्च 2013 रोजी त्यांची गाडी पुन्हा ईस्ट ग्रिन्स्टेडला पोहोचली. तिथे लंडनची रोजची लोकल येते, पगारी ड्रायव्हरची, विजेवर चालणारी, ऑफिसच्या गर्दीची. आज लंडनहून निघालेला प्रवासी तिथे उतरतो, थोडं चालत जातो आणि वाफेच्या गाडीत बसतो. कर्तव्याची गाडी आणि हौसेची गाडी आता एकाच गावात येऊन थांबतात. एकीने दुसरीची जागा घेतलेली नाही.